उज्जयिनीतील एक चुकलेली यादी

वकिलीच्या धंद्यात वीस वर्षे काढलेल्या मनुष्यास एक खोड जडते. कोठे काही बिघडले की तो प्रथम दोषी कोण हे शोधू लागतो. दोष कोणा ना कोणा व्यक्तीचाच असला पाहिजे, असे तो गृहीत धरून चालतो. कारण न्यायालयात उभी करावयास व्यक्तीच लागते, एखाद्या यादीस किंवा एखाद्या रीतीस पिंजऱ्यात उभे करता येत नाही. या खोडीपायी आमच्या हातून एका अल्पवयीन मुलावर अन्याय झाला. तो कसा घडला आणि तो अन्यायच होता हे आम्हांस गणिताने कसे दाखवून दिले, हे येथे सांगावयाचे आहे. गणित आमचा विषय नव्हे. वाचकांपैकी बहुतेकांचाही तो नसेल. तथापि ज्या मंडळींनी देवळाच्या उत्सवात पंगतीची, वाढप्यांची किंवा पालखीच्या खांदेकऱ्यांची यादी एकदा तरी केली असेल, त्यांस पुढील हकीगत परकी वाटणार नाही.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात पुण्यातील आमच्या मंदिर-मंडळाने उज्जयिनीची यात्रा काढली. आपल्या मंडळींचा त्या नगरीशी असलेला ऋणानुबंध जुना आहे. आज आपण महाकालेश्वराचे जे मंदिर पाहतो, त्याची पुनर्बांधणी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी करविली, आणि हे रामचंद्रबाबा शेणवी, म्हणजे आपल्याच सारस्वतांपैकी. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेईपर्यंत उज्जयिनी हे शिंदेशाहीचे मुख्य ठाणे होते. त्यामुळे शिप्रेकाठच्या त्या गल्ल्यांतून हिंडताना मधूनच एखादा वाडा, एखादी कमान आणि विशेषतः हरसिद्धीच्या अंगणातील ते दोन उंच दीपस्तंभ पाहिले की दक्षिणेचा मनुष्य क्षणभर थबकतो. माळव्यात आपल्या देवळाचा दीपस्तंभ कोठून आला, असे त्यास वाटते. या दीपस्तंभांचे आमच्या हकीगतीत पुढे काम आहे, म्हणून त्यांचा उल्लेख आताच करून ठेवतो.

यात्रेत आठ वृद्ध मंडळी होती. रामघाटाच्या पायऱ्या, महाकालाची रांग आणि संध्याकाळच्या आरतीची गर्दी यांत प्रत्येकास एक सोबती असावा, असे ठरले. आठ तरुण सोबती मिळाले. त्यांपैकी काही आमच्याबरोबर आलेले, तर काही इंदूर-देवासकडील स्नेह्यांच्या घरचे. कोणास कोण द्यावा, ही यादी करण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले. वकील मनुष्य, कागद नीट करील, असा त्यांचा समज.

आम्ही यादी केली ती अशी. वृद्धांची नावे एकाखाली एक लिहिली. पहिल्या नावास जो पहिला योग्य सोबती दिसला तो दिला; दुसऱ्यास उरलेल्यांतील पहिला योग्य; आणि असे खाली येत गेलो. सात नावांपर्यंत सर्व सुरळीत झाले. आठवे नाव मावशींचे. या मावशी कुमठ्याकडच्या. त्यांस कोंकणी येते आणि कानडी येते. हिंदी नाही, आणि मराठी ऐकून अर्धेमुर्धे समजते. त्यांच्यासाठी कोंकणी बोलणारा सोबती हवा होता, आणि आठ तरुणांत कोंकणी नीट बोलणारी अशी एकच मुलगी होती. ती व्यवसायाने परिचारिका. परंतु तिला आम्ही आधीच कारवारच्या काकांबरोबर लावून टाकले होते, कारण काका मधुमेही, वेळेवर इन्सुलिन टोचून घेणारे. उरला होता देवासचा सोळा वर्षांचा एक मुलगा. हिंदी त्याची घरची, मराठी कामापुरती.

आम्ही प्रयत्न केला नाही असे नाही. परिचारिका मावशींना द्यावी आणि देवासचा मुलगा काकांना द्यावा, असे क्षणभर योजून पाहिले. पण त्या मुलाच्या हाती इन्सुलिन कसे द्यावयाचे? म्हणून तो विचार सोडला, आणि स्वतःशी म्हटले, मराठी आणि कोंकणी काय, बहिणी-बहिणीच त्या; चालून जाईल. यादीतील भाषेच्या रकान्यात आम्ही दोहोंकरिता मिळून एकच शब्द लिहिला होता, 'मराठी-कोंकणी'. ज्या नियतकालिकाचा वाचक दोन्ही भाषांची पृथक् प्रतिष्ठा जाणतो, त्याच्यापुढे हे कबूल करताना संकोच वाटतो. पण घडले ते असे.

त्या संध्याकाळी आरती संपली तेव्हा रामघाटावर अपरंपार गर्दी उसळली. मुलाने मावशींना एका पायरीवर बसविले आणि सांगितले, "दादी, यहीं बैठिए, मैं चप्पल लेकर आता हूँ." मावशींनी ऐकले ते एवढेच, की मुलगा काहीतरी म्हणाला आणि चालू लागला. आपण मागे यावे असे तो सांगत असावा, असे समजून त्या उठल्या. दहा पावलांत तो दिसेनासा झाला. पुढे तीन तास आम्ही सर्वजण घाट पालथा घालीत होतो. ध्वनिक्षेपकावरून मावशींचे नाव पुन्हा पुन्हा पुकारले जात होते. त्यांनी ते ऐकलेही. नाव आपले आहे एवढे त्यांस कळले. पुढे हिंदीत काय सांगताहेत, कोठे यावयास सांगताहेत, ते कळण्यास मार्ग नव्हता. थंडी पडत चालली होती. अंगावर लुगडे आणि एक पातळ शाल.

अखेर त्या सापडल्या त्या हरसिद्धीच्या अंगणात, दीपस्तंभाच्या ओट्याला टेकून. आम्हांस पाहताच म्हणाल्या, "हांव हांगाच आसां रे. तूं खंय गेल्लो?" गर्दीत भांबावून त्या चढाने वर आल्या असता त्यांस दीपस्तंभ दिसला, आपल्याकडे देवळापुढे असतो तसाच. इतक्या अनोळखी मुलखात ओळखीचे असे तेवढेच काय ते होते, म्हणून त्या त्याच्यापाशी जाऊन बसल्या आणि हलल्या नाहीत. कोणी ना कोणी शोधीत येईल, देवळाशिवाय दुसरीकडे कोठे शोधतील, असे त्यांचे म्हणणे. रात्री त्यांस ताप भरला. तो चार दिवस उतरला नाही.

धर्मशाळेत परतल्यावर त्या मुलास सर्वांदेखत बोलणी बसली. "एवढे एक म्हातारे माणूस सांभाळता आले नाही?" असे एकाने विचारले, दुसऱ्याने हल्लीच्या पिढीवर चार शब्द ऐकविले. मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याने एकदाच म्हटले, की मी त्यांना बसावयास सांगितले होते. त्यावर कोणी लक्ष दिले नाही. आम्ही तेथेच होतो. यादी आमच्या खिशात होती. आम्ही बोललो नाही. आपल्या अशिलाच्या बाजूने तासन्‌तास बोलणारे आम्ही, त्या रात्री एका वाक्यापुरतेही तोंड उघडले नाही. आम्ही मनाची समजूत घातली ती अशी, की यादी याहून चांगली होणे शक्यच नव्हते. परिचारिका एकच होती. तेव्हा नशिबाचा भाग. ही समजूत आम्हांस तीन महिने पुरली.

तीन महिन्यांनी आमची भाची सुट्टीस आली. ती संगणकशास्त्रात संशोधन करते. तिचा विषय आम्हांस त्यापूर्वी केवळ नावाने ठाऊक होता. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या जाळ्यास तिच्या शास्त्रात आलेख म्हणतात, आणि विशिष्ट आकाराच्या आलेखांवर जोड्या लावण्याच्या व राखण बसविण्याच्या जलद रीती शोधणे हे तिचे काम. जेवताना आम्ही सहज ती हकीगत सांगितली आणि शेवटी म्हटले, यादी याहून चांगली होणे शक्यच नव्हते. तिने हात धुतले, कागद मागितला, डावीकडे आठ वृद्ध मांडले, उजवीकडे आठ सोबती मांडले, आणि ज्याचे ज्याच्याशी जुळते तेथे तेथे रेघ ओढावयास सांगितले. मग ती विचारू लागली.

"मामा, काकांना परिचारिकाच हवी होती का?"

इन्सुलिन टोचता येणारी व्यक्ती हवी होती, आम्ही म्हटले. औषधनिर्माणशास्त्राचा एक विद्यार्थी होता, त्यालाही ते येत होते. पण तो मास्तरांबरोबर दिलेला होता.

"आणि मास्तरांना कोण चालले असते?"

निवृत्त शिक्षक ते. हिंदी उत्तम, प्रकृती खणखणीत. त्यांना कोणीही चालले असते. देवासचा मुलगाही.

पुढचे तिला बोलावे लागले नाही. परिचारिका मावशींकडे, तिच्या जागी काकांकडे औषधनिर्माणाचा विद्यार्थी, त्याच्या जागी मास्तरांकडे देवासचा मुलगा. तीन बदल केले असते तर आठांपैकी आठही जोड्या योग्य लागल्या असत्या. आम्ही एक बदल करून पाहिला, तो अडला, आणि आम्ही मार्गच नाही असा निवाडा देऊन मोकळे झालो. तिसऱ्या पावलावर मार्ग उघडाच होता.

"मामा, मुलगा चुकला नाही, तुमची यादी चुकली," ती म्हणाली. तिच्या स्वरात आरोप नव्हता. बेरीज चुकली आहे हे जसे सांगावे तसे तिने सांगितले. आम्हांस मात्र घास उतरेना.

मग तिने या विद्येचा जो इतिहास सांगितला, तो आम्ही वाचकांस थोडक्यात देतो. मोकळ्या राहिलेल्या एकापासून निघावे. त्यास चालणाऱ्या पण दुसऱ्याकडे दिलेल्या सोबत्याकडे जावे. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जावे. त्याला आणखी कोण चालेल ते पाहावे. आणि असे साखळीने जात जात एखाद्या मोकळ्या सोबत्यापाशी पोचले की साखळीतील जोड्या उलटवून टाकाव्या. एक जोडी वाढते. फ्रेंच गणिती क्लोद बर्ज यांनी १९५७ साली सिद्ध करून ठेवले आहे की अशी साखळी जोवर निघते तोवर जोड्या वाढविता येतात, आणि ती निघत नाही तेव्हा याहून जास्त जोड्या लागणे शक्यच नसते. जेथे दोन तट वेगळे नाहीत, म्हणजे कोणाचीही कोणाशी जोडी लागू शकते, तेथे हे शोधकार्य फार गुंतागुंतीचे होते. त्याचीही जलद रीत जॅक एडमंड्स या गणितज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध केली.

आमच्या वकिली मनास याहूनही भावली ती दुसरी गोष्ट. इंग्रज गणिती फिलिप हॉल यांनी १९३५ साली असे दाखविले, की सर्वांना जोडी मिळणे अशक्य असेल तर त्याचे कारण नेहमी एकाच स्वरूपाचे असते. वृद्धांचा एखादा गट असा निघतो, की त्या गटाला मिळून चालणारे सोबती त्या गटातील माणसांहून संख्येने कमी असतात. दुसरे कोणतेही कारण असूच शकत नाही. म्हणजे ही रीत एकतर तुम्हांस पूर्ण यादी हाती देते, किंवा यादी का होत नाही याचे कारण बोट ठेवून दाखविते. कारणे न देता दिलेला निवाडा टिकत नाही, हे आम्ही न्यायालयात रोज म्हणतो. रामघाटावर आम्ही 'अशक्य' असा निवाडा दिला, पण कारण दिले नव्हते. कारण देऊ लागलो असतो तर ते मिळाले नसते, आणि आमची चूक तेथेच उघडी पडली असती.

भाचीने आणखी एक रेघ कागदावर ओढली. कोंकणीवाचून दुसरी भाषा न कळणाऱ्या मावशी एक नसून दोन असत्या तर? दोन वृद्धा, आणि कोंकणी बोलणारी परिचारिका एकच. येथे मात्र हॉल यांचा अडसर खरोखरच उभा राहिला असता. कितीही साखळ्या शोधल्या तरी दुसरी मावशी एकटीच राहिली असती. त्यावर गणिताचा उपाय नाही. उपाय एकच, की आठ तरुणांपैकी आणखी एकास तरी कोंकणी यावी. आमची स्वतःची मुले कोंकणी समजतात, बोलत नाहीत. तो दोष कोणत्या यादीच्या माथी मारावयाचा?

अशा पायरीपायरीच्या निश्चित रीतीस आज सर्वत्र अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द ज्याच्या नावावरून आला, तो नवव्या शतकातील बगदादचा गणिती अल्-ख्वारिझ्मी. त्याने भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला, आणि भारतीय सिद्धान्तांच्या आधारे खगोलाची कोष्टके रचिली. त्या कोष्टकांचे मध्यान्ह ज्या स्थळावरून मोजलेले होते, त्याचे नाव अरबी लिपीत बिघडत बिघडत 'अरिन' झाले. ते स्थळ म्हणजे आपली उज्जयिनी. आपल्या ज्योतिषांनी रेखांशाचा आरंभ तेथून धरला होता, तोच तेथे पोचला. शिप्रेकाठी सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधविलेली वेधशाळा अजून उभी आहे. तिचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने झाला, आणि त्या कार्यात गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाचा पुढाकार होता. त्या यात्रेत आम्ही ती वेधशाळाही पाहिली होती. ज्या नगरीचे नाव जगाच्या गणिताशी इतके गुंतलेले, तेथेच आमचे सोपे गणित चुकावे, हे आता आठवले की ओशाळल्यासारखे होते.

असो. पुढच्या वर्षी मंडळाने दुसरा संकल्प केला. उज्जयिनीची पंचक्रोशी यात्रा प्रसिद्ध आहे. उत्तरेच्या गणनेप्रमाणे वैशाख कृष्ण दशमीस, म्हणजे आपल्या पंचांगाच्या चैत्र वद्य दशमीस, यात्रेकरू पटनी बाजारातील नागचंद्रेश्वरापासून चालण्याचे बळ मागून घेतात, चार दिशांच्या चार द्वारपाल महादेवांचे दर्शन घेत सुमारे ११८ किलोमीटरांची प्रदक्षिणा अमावास्येपर्यंत पुरी करतात, आणि मातीचे घोडे वाहून ते बळ देवास परत करतात. उसने घेतलेले वेळेवर फेडण्याचा हा परिपाठ आम्हां वकिलांस फार आवडतो. माळव्यातील तो कडक उन्हाळा. वाटेवर पाणी आणि प्रथमोपचार यांची मदत-केंद्रे चालवावी, असे मंडळात ठरले. किती केंद्रे, आणि कोठे? प्रत्येक थांब्यावर केंद्र ठेवण्याइतकी माणसे आमच्यापाशी नव्हती. म्हणून असे ठरले, की ज्या थांब्यावर केंद्र नसेल त्याच्या लगतच्या एखाद्या थांब्यावर तरी ते असावे.

या वेळी आम्ही यादी करावयास बसण्यापूर्वी भाचीस विचारले. ती म्हणाली, हा राखण बसविण्याचा प्रश्न. आणि हा जोड्या लावण्याच्या प्रश्नाचा भाऊ दिसत असला तरी स्वभाव निराळा. याचे एक जुने रूप बुद्धिबळाचे आहे. चौसष्ट घरांच्या पटावर कमीत कमी किती वजीर ठेवले म्हणजे प्रत्येक घर एकतर व्यापलेले किंवा माऱ्यात राहील? येनिश नावाच्या रशियन बुद्धिबळपटूने १८६२ साली हा प्रश्न अभ्यासिला, उत्तर पाच.

"पण मामा," तिने सांगितले, "आधी वाटेचा आकार सांगा."

वाट प्रदक्षिणेची, म्हणजे वर्तुळाची. मग काम सोपे. एक केंद्र स्वतःचा थांबा आणि दोन्ही बाजूंचे दोन असे अधिकात अधिक तीन थांबे राखते. समजा थांबे बारा आहेत; तर चारांहून कमी केंद्रांत भागणार नाही, आणि दर तिसऱ्या थांब्यावर एक ठेविले तर चारांत भागते. तेरा असतील तर पाच. हिशेब संपला, आणि याहून कमी का नाहीत याचे कारणही हाती आले.

वाट वर्तुळाची नसून वृक्षासारखी फाटे फुटलेली असती, कोठेही फिरून स्वतःस न मिळणारी, तर? तरीही अवघड नाही. फांदीच्या टोकापासून आरंभ करावा. टोकाच्या गावाला राखण एकतर त्याच गावात बसेल किंवा ज्या एकमेव गावाशी ते जोडलेले आहे तेथे. दुसऱ्या गावी बसविली तर ती टोकाला तर राखतेच, शिवाय आणखी काहींना राखते. म्हणजे तोटा कधीच नाही. असे टोकाकडून मुळाकडे येत जावे. या प्रश्नाची अशी झटपट रीत कोकेन, गुडमन आणि हेडेटनिएमी या तिघांनी १९७५ साली दिली.

तिसरा प्रश्न स्वयंसेवकांच्या पाळ्यांचा. कोणी पहाटे पाच ते दहा, कोणी आठ ते दोन. काहींना पाळीप्रमुख नेमावयाचे, असे की प्रत्येक स्वयंसेवकाच्या वेळेत कोणी ना कोणी प्रमुख हजर असेल. येथे ज्याची पाळी सर्वांत आधी संपते आणि ज्याला अद्याप प्रमुख नाही, त्याच्यापासून निघावे. तो स्वतः धरून त्याच्या वेळेत हजर असणाऱ्यांपैकी ज्याची पाळी सर्वांत उशिरापर्यंत चालते त्याला प्रमुख करावे. आणि हेच पुढे चालवावे. हा क्रम कधी चुकत नाही.

आम्हांस उत्साह आला. आम्ही म्हटले, मग याच रीतीने महाकाल, छत्री चौक, गोपाळ मंदिर आणि घाट यांमधील गल्ल्यांतही राखण बसवून टाकू. भाची हसली. ती गल्ल्यांची जाळी. प्रत्येक चौक चार दिशांनी दुसऱ्या चौकांशी गुंतलेला. अशा कोणत्याही जाळ्यास लागू पडेल अशी जलद रीत आजवर कोणास सापडलेली नाही; ती असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही. १९७२ साली रिचर्ड कार्प यांनी एकवीस प्रश्न असे मांडले, की त्यांतील एक जलद सुटला तर बाकीचे सगळे सुटतात; राखणीचा प्रश्न त्याच कुळीतला. चाळीसच चौक असले, आणि प्रत्येकावर माणूस ठेवावा की न ठेवावा एवढेच ठरवावयाचे म्हटले, तरी तपासण्याच्या तऱ्हा सुमारे एक लाख कोटी होतात, आणि एक चौक वाढला की त्या दुप्पट. चाळीस चौकांचे काम संगणक चतुराईने उरकील. चार हजारांचे निघाले तर त्याचाही इलाज चालेलच असे नाही.

सर्वांत नवल वाटले ते पुढचे. आठ वृद्ध आणि आठ सोबती यांचा तोच कागद तिने पुन्हा काढला. असे दोन तटांचे जाळे कितीही मोठे असो, त्यावर जोड्या लावणे नेहमी सोपे. पण त्याच स्वरूपाच्या जाळ्यावर राखण बसवावयास सांगा, कमीत कमी माणसे निवडा म्हणजे बाकीच्या प्रत्येकाची निवडलेल्यांपैकी एकाशी तरी रेघ असेल, आणि प्रश्न एकदम त्या अवघड कुळीत जाऊन बसतो. जाळे तेच; बदलला तो प्रश्न. उलट प्रश्न तोच ठेवून जाळ्याचा आकार बदला, वर्तुळ करा, वृक्ष करा, पाळ्यांसारखा एका रेषेवर मांडा, की अवघड होते ते सोपे होते. कोणत्या आकारावर कोणता प्रश्न सोपा, याची सीमा आखीत जाणे, हाच भाचीच्या शास्त्राचा मोठा भाग. आम्हांस हे ऐकताना आमचा पहिला गुरू आठवला. कागद हाती आला की तो म्हणे, कायद्याचे पुस्तक उघडण्यापूर्वी हे प्रकरण कोणत्या जातीचे आहे ते ओळख.

या शास्त्रात आपल्या मुलखाचा वाटाही आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील ई. संपतकुमार आणि एच. बी. वालीकर यांनी १९७९ साली या प्रश्नात एक नवी अट घातली, की राखणदार केवळ सर्वांस राखणारे नसावेत, तर एकमेकांशीही जोडलेले असावेत. म्हणजे निरोप एकाकडून दुसऱ्याकडे राखणीतल्या राखणीत पोचेल. रामघाटावर ध्वनिक्षेपक होता, माणसेही होती. उणीव होती ती एकाचे दुसऱ्यास कळण्याची. आणि मध्यप्रदेशातीलच सागर येथे १९१७ साली जन्मलेले शरदचंद्र श्रीखंडे यांनी राजचंद्र बोस व अर्नेस्ट पार्कर यांच्यासह १९५९ साली ऑयलरचे १७८२ सालचे अनुमान खोटे ठरविले. ओळीत व स्तंभात एकही चिन्ह पुन्हा येऊ नये अशा चौकटी भरण्याचा तो प्रश्न. आणि अशी चौकट ओळीमागून ओळ भरीत जाणे हे जोड्या लावण्याचेच काम आहे. एका विशिष्ट आलेखास आज जगभर 'श्रीखंडे आलेख' म्हणतात. २०२० साली वयाच्या १०३व्या वर्षी ते निवर्तले.

हे सर्व ऐकून गणिताने आमचे सर्व प्रश्न सुटतील, असा भ्रम आम्हांस झाला नाही. कागदावर कोणाची रेघ कोणाशी ओढावयाची, हे गणित सांगत नाही. ते माणसास विचारावे लागते. मावशींना कोणती भाषा कळते हे आम्ही मावशींना विचारले नव्हते, रकान्यात भरून टाकले होते. रीत कितीही निर्दोष असो, चुकीच्या रेघांवर ती चुकीचीच जोडी लावील, आणि तीही ठामपणे.

राहिला तो मुलगा. त्याला पत्र लिहून क्षमा मागावी, असे प्रथम मनात आले, आणि तसे पत्र आम्ही लिहिलेही. पण ते पाठविण्यापूर्वी वाटले, बोलणी त्याला चारचौघांत बसली. क्षमा मात्र बंद पाकिटातून पोचावी, हा कोणता न्याय? म्हणून मंडळाच्या पुढील सभेत आम्ही तो कागद सर्वांसमोर मांडला. डावीकडे आठ, उजवीकडे आठ. तीन बदल करून दाखविले. यादी आमची होती, ती अशी सुधारता येत होती, आणि त्या रात्री आम्ही गप्प राहिलो, हे तीन वाक्यांत सांगितले. ज्यांनी मुलास बोल लाविले होते ते दोघेही सभेस होते. एक जण म्हणाले, "अहो, इतक्या जुन्या गोष्टी कशास उकरता?" दुसरे काही बोलले नाहीत, त्यांनी कागद जवळ घेऊन मास्तरांच्या नावावर बोट ठेविले आणि बराच वेळ पाहत राहिले. आमच्या विनंतीवरून सभेच्या इतिवृत्तात तशी नोंद झाली. इतिवृत्ताची प्रत आणि पत्र, दोन्ही आम्ही देवासला पाठविली.

मुलाचे उत्तर आले नाही. ते यावे अशी आमची अपेक्षा असली तरी हक्क नव्हता. चैत्रात केंद्रांची यादी करताना आम्ही त्याला दूरध्वनी केला. पंचक्रोशीच्या वाटेवर पूर्वेच्या पिंगलेश्वराकडील केंद्रावर येशील का, असे विचारले. तो थोडा वेळ थांबला, आणि म्हणाला, "सोबत कोण आहे?" आम्ही नाव सांगितले. त्याने विचारले, "त्यांना हिंदी येते ना?"

येते, आम्ही म्हटले. या वेळी विचारून लिहिले आहे.